आधी इंजिन बंद

जुन्या गाडीच्या स्टीअरिंगचा चिरलेला पाइप बदलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ती वळवू लागलो, तर स्टीअरिंग कण्हू लागलं. बॉनेट उघडलं. पॉवर स्टीअरिंगच्या डबीतलं तांबडं ऑइल ताकासारखं फेसाळलेलं. गल्लीतले मिस्त्रीकाका म्हणाले, “एअर धरलीय. ऑइल भरल्या भरल्या इंजिन चालू केलंत ना? आता फेस बसू द्या. मग घरीच निघेल, पण घाई करू नका.”

जड चाक हलकं करणारी पॉवर स्टीअरिंगची ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्यानं 1926 मध्ये चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती यायला 1951 साल उजाडलं. तिचं मर्म साधं आहे. ऑइल दाबलं तरी दबत नाही, म्हणून पंपाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते आणि जोर तिच्यातच जिरतो.

तासाभरानं फेस बसला. मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर नीट टेकवली. किल्ली लॉक सुटेल एवढीच फिरवली. इंजिन बंदच. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, वीसेक वेळा. दर फेरीला डबीत बुडबुडे येत, पातळी उतरे आणि मुलगी खुणेपर्यंत ऑइल घाली. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करून पुन्हा तसंच फिरवलं. टोकाला नेऊन धरून मात्र ठेवायचं नाही. पंपावर ताण येतो. शेवटी कण्हणं थांबलं.

हात पुसताना काकांचं बोलणं मनात घोळत राहिलं. मोठा बुडबुडा आपला आपण वर येतो. चालता पंप त्याला घुसळून इतका बारीक करतो, की तो ऑइलपासून वेगळाच होत नाही.

धाकट्या भावाशी महिनाभर माझं हेच चाललं होतं. गोष्ट छोटी होती, पण प्रत्येक फोनवर आम्ही ती तापल्या डोक्यानं घुसळत होतो. दोघंही आपापल्या टोकाला जाऊन अडून बसत होतो. त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. विषय काढला नाही. चहा घेतला, त्याच्या अंगणातल्या लिंबाला पाणी घातलं. निघताना त्यानंच विषय काढला आणि पाच मिनिटांत तो संपला.

आज कुणाशी काही मिटवायचं असेल, तर आधी इंजिन बंद करा. सावकाश बोला, टोकाला अडून राहू नका. आणि मनातली हवा बाहेर पडताना पातळी उतरतेच, तेव्हा आपल्याकडची थोडी माया त्यात घालत राहा.