हाकेचे नाव, हक्काचे नाव



२४ जून रोजी आपली ख्रिस्तसभा संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्माचा सोहळा साजरा करते. संतांचे सण आपण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळतो, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. ज्यांचा पृथ्वीवरचा जन्म उपासनेत साजरा होतो असे तिघेच आहेत: प्रभू येशू, पवित्र मरिया आणि योहान. त्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातून जो उतारा वाचला जातो, त्यात एका बाळाचे बारसे आहे आणि बारशाबरोबर येणारा एक छोटासा वादही आहे. हा वाद आपल्या घरांना नवा नाही, म्हणून आज त्याविषयी बोलावेसे वाटते.

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. आई, वडील, आजी आणि पाच महिन्यांचा मुलगा. मुलगा गुटगुटीत, हसरा. वाडीतली पोरे त्याला ‘बाबू’ म्हणून हाक मारीत आणि तोही त्या हाकेला मान वळवी. स्नानसंस्काराचा अर्ज आम्ही पुढे केला. तारीख भरली, आईवडिलांची नावे भरली, धर्मपित्याचे नाव भरले. धर्ममातेची ओळ नंतरसाठी सोडली. बाळाच्या नावाची ओळ मात्र कोरीच राहिली.

नावावरून घरात पाच महिने कुरबूर चालली होती. आजीला वाटे, पहिला नातू आहे, आजोबांचेच नाव लागले पाहिजे. आजोबा बाळाच्या जन्माआधी तीन महिने देवाघरी गेले होते. आईने पोटात असतानाच एक नाव मनाशी ठरवले होते. वडिलांना छोटे, सुटसुटीत, पुढे परदेशात गेला तरी कोणालाही उच्चारता येईल असे नाव हवे होते. शेवटी कंटाळून ते म्हणाले, “फादर, तूर्त बाबूच लिहा. नाहीतरी सगळे तेच म्हणतात.”

आम्ही पेन खाली ठेवले. खरे सांगायचे तर नियमावर बोट ठेवून आम्हाला नकार देता आला नसता. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत बाळाला ख्रिस्ती नाव द्यावे, आईवडिलांनी ऐकलेच नाही तर धर्मगुरूने त्यांच्या नावाला एका संताचे नाव जोडावे, असा आग्रह होता. १९८३ च्या संहितेतील ८५५ वे कलम एवढेच सांगते की, आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी ख्रिस्ती भावनेला परके असे नाव ठेवले जाणार नाही याची काळजी घ्यावी. म्हणूनच आज आपल्यात पीटर आणि जोसेफ यांच्या शेजारी आनंद आणि प्रकाशही मिस्साला बसतात. ‘बाबू’ या नावात ख्रिस्ती भावनेला परके असे काही नाही. तरीही आम्ही थांबलो, कारण ते नाव कोणी निवडले नव्हते. तिघांचे जमेना म्हणून ते उरले होते. भांडणातून उरलेले नाव बाळाला कसे द्यायचे?

लाडाच्या नावाविरुद्ध आमची तक्रार नाही. उलट पवित्र शास्त्र अशा नावांनी भरलेले आहे. प्रभूने शिमोनाला पाहताच त्याला केफा म्हणजे खडक म्हटले, आणि तेच टोपणनाव पेत्र होऊन आजवर टिकले. जब्दीच्या दोन तापट मुलांना प्रभू गर्जनेचे पुत्र म्हणत असे. सायप्रसच्या योसेफाला प्रेषितांनी बर्णबा म्हटले, कारण तो लोकांना धीर देई. असिसीच्या कापडव्यापाऱ्याच्या बायकोने आपल्या मुलाचा स्नानसंस्कार योहान या नावाने केला, इटालियन भाषेत जोव्हान्नी. वडील फ्रान्सच्या प्रवासाहून परतले आणि त्याला फ्रांचेस्को म्हणू लागले. त्या हाकेच्या नावाने आज सारे जग त्या संताला ओळखते, आणि २०१३ साली एका पोपने तेच नाव धारण केले. आपल्या मदर तेरेसांचे घरातले नाव गोंजा, म्हणजे कळी. पोप दुसरे जॉन पॉल लहानपणी घरी लोलेक होते. देवाला हाकेच्या नावाचे वावडे नाही.

मग वेगळे, ठरवून दिलेले नाव कशासाठी? बंधू-भगिनींनो, हाकेचे नाव आपले असते. त्यात आपला लाड असतो, आपली मांडी असते, आपले अंगण असते. बाळ मोठे होऊ नये असे वाटणाऱ्या मायेचे ते नाव आहे. स्नानसंस्काराचे नाव बाळाचे असते. ते घेऊन तो आपल्या अंगणातून बाहेर पडणार असतो. स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, बाळाचे नाव काय ठेवता? त्याच नावाने त्याच्या मस्तकावर पाणी ओतले जाते. पुढे दृढीकरणात त्याला नावाने पवित्र तेल लावले जाते. लग्नात वेदीपुढे उभा राहून तो स्वतःचे नाव उच्चारून वचन देतो. आणि एक दिवस, तो आपल्यापैकी कोणीही पाहू नये, त्याच्या शवपेटीपाशी धर्मगुरू तेच नाव घेऊन त्याला देवाच्या हाती सोपवतो. हाकेचे नाव प्रेमाचे असते. हे नाव त्याच्या हक्काचे असते.

आता लूकच्या शुभवर्तमानाकडे वळू. आठव्या दिवशी शेजारी आणि नातेवाईक जमले. बाळाला वडिलांचे नाव द्यायचे असे त्यांनी ठरवूनच टाकले होते. एलिझाबेथ म्हणाली, नाही, याचे नाव योहान. लोकांनी लगेच हरकत घेतली की, तुझ्या नातलगांत या नावाचा कोणी नाही. आपल्याकडेही हेच ऐकू येते, नाही का? मग त्यांनी मुक्या झालेल्या जखऱ्याला खुणेने विचारले. त्याने पाटी मागवली आणि लिहिले की, बाळाचे नाव योहान आहे. ठेवावे असे त्याने लिहिले नाही, आहे असे लिहिले. देवाने आधीच दिलेले नाव त्याने फक्त मान्य केले. एवढ्या म्हातारपणी झालेला एकुलता एक मुलगा, त्याला आपले नाव लागावे असे कोणत्या बापाला वाटणार नाही? जखऱ्याने ते सोडले. आणि ज्या क्षणी सोडले त्याच क्षणी त्याची जीभ मोकळी झाली व तो देवाची स्तुती करू लागला.

आम्ही त्या कुटुंबाला म्हणालो, कोणते नाव ते सांगू नका, का ते सांगा. वडील म्हणाले, “मला माझ्या नावाचे स्पेलिंग आयुष्यभर सांगत बसावे लागले.” आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की, याच्या आधीचे एक बाळ पोटातच गेले होते. या वेळी दिवस राहिले तेव्हा तिने एका प्रेषिताचे नाव धरले, कारण त्या नावाचा अर्थ देवाचे दान असा होता. हे तिने घरात कधी बोलून दाखवले नव्हते. आजी म्हणाली, “आता घरात त्यांचे नाव घेणारे कोणी नाही.” आम्ही विचारले, “आजी, तुम्ही नातवाला आजोबांच्या नावाने हाक माराल का?” त्या एकदम लाजल्या. त्यांच्या पिढीच्या रीतीप्रमाणे पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याचे नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलेच नव्हते. म्हणाल्या, “मी कशी घेणार? मी बाबूच म्हणणार!” सगळे हसले. बाबूही हसला. मग पदराने डोळे टिपत आजीच सुनेला म्हणाल्या, “तू धरलेलेच नाव राहू दे. मला कुठे माहीत होते?”

दोन आठवड्यांनी स्नानसंस्कार झाला. मिस्साचा हेतू आजोबांच्या आत्म्यासाठी होता आणि धर्ममाता म्हणून आजी उभ्या राहिल्या. नाव विचारल्यावर आईवडिलांनी एका आवाजात उत्तर दिले. ते नाव आम्ही इथे लिहीत नाही. धर्मग्राम लहान आहे, तुम्ही ओळखालच.

ज्या घरांत पाळणा हलला आहे किंवा हलणार आहे, त्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

नावासाठी स्नानसंस्कार लांबवू नका. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा स्नानसंस्कार व्हावा, असे ख्रिस्तसभेचा नियम सांगतो. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. नाव ठरले नसेल तरी नोंद करता येते आणि बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. पण कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहनपरवाना, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच मुख्य ठरला आहे. त्यावर घाईने लिहिलेले टोपणनाव पुढे बदलताना फार हेलपाटे पडतात. जन्मदाखल्यावर आणि चर्चच्या नोंदवहीत नाव व स्पेलिंग एकच असू द्या. दोन ठिकाणी दोन नावे असली की लग्नाच्या वेळी कागद जुळवताना कार्यालयात किती वेळ जातो, हे आम्ही नेहमी पाहतो. आणखी एक, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढे आपल्या राज्यात आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहिले जाते. तेव्हा नाव लांबलचक ठेवण्यापूर्वी सगळे एका ओळीत लिहून पाहा.

टोपणनावाशी नाव जुळलेच पाहिजे असे नाही. जुळले तर सोयीचे, नाही जुळले तर काही बिघडत नाही. मात्र टोपणनावाने मुलाला टोचू नका. रंगावरून, अंगावरून ठेवलेली नावे आपल्याला गमतीची वाटतात, पण ती ऐकत मूल मोठे होते. मरणाच्या दारात असलेल्या राहेलने आपल्या बाळाचे नाव बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवले. याकोबाने ते बदलून बन्यामीन केले, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र. बायकोच्या मरणाचे ओझे त्याने बाळाच्या नावावर ठेवले नाही. आपलेही दुःख, आपले हट्ट, आपली जुनी भांडणे बाळाच्या नावात शिरू देऊ नका.

आणि जे नाव ठेवाल ते अधूनमधून उच्चारा. रोज बाबू म्हणा, सोन्या म्हणा, पण रात्रीच्या रोझरीनंतर त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करताना त्याचे स्नानसंस्काराचे नाव घ्या. म्हणजे ते त्याला फक्त शाळेच्या हजेरीत भेटणार नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी रडणाऱ्या मरियेने प्रभूला पाहूनही ओळखले नव्हते. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा ओळखले. आपल्या मुलांनाही एक दिवस ती हाक ऐकायची आहे. त्यांना आपले नाव प्रेमाने उच्चारलेले ऐकण्याची सवय असू द्या.

हे प्रभो, तू आम्हा प्रत्येकाला नावाने ओळखतोस. आमच्या धर्मग्रामातील नवजात बालकांना, त्यांच्या आईवडिलांना व आजीआजोबांना आशीर्वाद दे. नाव ठेवताना आम्हाला एकमेकांचे ऐकण्याची बुद्धी दे, आणि जखऱ्याप्रमाणे आमचे मन व जीभ मोकळी कर. आमेन.