गुपित कोणाचें?

गांवांत कोणास विषमज्वर झाला म्हणजे शेजारीपाजारी पेज घेऊन येतात, उशापाशीं बसतात, आणि डॉक्टर कोणता बरा याविषयीं नको तितका सल्ला देतात. परंतु त्याच घरांत एखादी सून महिनोन्‌महिने कोणाशीं बोलेनाशी झाली, रात्र रात्र जागूं लागली, अन्नावरची तिची वासना उडाली, तर घराचें दार लोटलें जातें. कोणी विचारलें तर ती माहेरीं गेली आहे असें सांगण्यांत येतें.

हें खोटें बोलणारे लोक निर्दय असतात असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. धाकट्या नणंदेचें लग्न व्हावयाचें असतें. वेडाचा बोभाटा झाला तर सोयरीक मोडेल ही भीति पोकळ नव्हे. म्हणून प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, असें झांकून ठेवणें ही माया म्हणावी कीं अन्याय?

आमच्या मतें आधीं हें पाहिलें पाहिजे कीं, गुपित कोणाचें आहे? आजार जिला झाला तिचें तें आहे, घराण्याचें नव्हे. आपलें दुःख चारचौघांत सांगूं नये असें ती म्हणाली, तर तिचा शब्द मोडण्याचा अधिकार शेजाऱ्यास नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंहि गुप्तता हा रोग्याचा हक्क मानिला आहे. पण डॉक्टरापासून तिला लपविणें ही निराळी गोष्ट. तेथें गुपित तिचें राहत नाहीं. तिच्यावर घातलेलें कुलूप होतें.

हें कुलूप कोठवर जातें तें तामिळनाडूंतील एरवाडी येथें दिसलें. तेथील दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांसाठीं खासगी आश्रयगृहें होतीं. नातलग आपलीं माणसें तेथें आणून सोडीत. ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे अशा एका गृहाच्या झोंपडीवजा शेडला आग लागली. रोगी सांखळ्यांनीं बांधलेले होते. २८ जण मेले. त्यांच्या नातलगांपैकीं कित्येकांनीं त्यांस बरें वाटावें ह्याच आशेनें तेथें ठेविलें असेल. वरील कायद्यानें रोग्यास कोणत्याहि प्रकारें सांखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. परंतु लोटलेल्या दारामागें काय चाललें आहे हें कायद्यास कोण सांगणार?

आणखी एक कुलूप आपल्या मंडळ्यांत वापरलें जातें: "तुझा विश्वास कमी पडला." एलीया झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां त्यास प्रथम झोंप, भाकर व पाणी मिळालें, आणि तेंहि दोनदां, प्रश्न मागाहून विचारण्यांत आला. उपदेशकांनीं हा क्रम लक्षांत ठेवावा.

डॉक्टर दूर असेल तर गांवानें करावें काय? गोव्यांतील 'संगत' ह्या संस्थेनें सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आला. मानसोपचाराचें पूर्वशिक्षण नसलेल्या साध्या माणसांस शिकवून, तीव्र खिन्नतेनें ग्रासलेल्या रोग्यांची सहा ते आठ वेळां भेट घेण्यास त्यांना सांगितलें. त्यांनीं रोग्यांचें ऐकून घ्यावें, आणि सुटलेलीं लहानसहान कामें पुन्हां हातीं घेण्यास त्यांस साह्य करावें, एवढाच त्या भेटींचा गाभा. तीन महिन्यांनीं पाहतां, ज्यांना केवळ नेहमींचे उपचार मिळाले त्यांच्यापेक्षां ह्या रोग्यांत बरे झालेले अधिक निघाले.

सारेच रोग बोलण्यानें बरे होतात असें मात्र कोणी समजूं नये. ज्यास नसलेले आवाज ऐकूं येतात किंवा जो जीव देण्याची भाषा करितो, त्यास डॉक्टरकडे नेलेंच पाहिजे. खिन्नतेवरील औषधाचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. तें आपल्या मनानें मध्येंच बंद करूं नये. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनि क्रमांकावर सरकारतर्फे मोफत सल्ला मिळतो, मराठींतहि मिळतो. फोन करण्यापूर्वीं त्या सुनेला मात्र विचारावें, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत जातांना बरोबर कोणी यावें हेंहि तिलाच ठरवूं द्यावें.