आराखड्याचं पहिलं पान

धुळे

चि. ताईस,


तुझा आराखडा दोनदा वाचला. केळीच्या खांबातून साखर काढायची, जनुकं बदललेल्या ई. कोलायला ती खाऊ घालायची, त्याच्याकडून लॅक्टिक आम्ल करून घ्यायचं आणि त्यापासून प्लॅस्टिक बनवायचं. विषय चांगला निवडलास. लॅक्टिक आम्लाच्या प्लॅस्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये जेजुरीत सुरू केला. त्याच वर्षी केंद्रानं जैव-उत्पादनाचं धोरणही मंजूर केलं. रावेर-यावलकडे घड कापल्यावर उरलेल्या खांबाचं काय करायचं, हा प्रश्न तर बारमाही आहे.

पण तुझी बहुतेक पानं जनुकांवर गेली आहेत आणि सांडपाणी शेवटी एका ओळीत उरकलंय. हा क्रम उलटा कर. माझं सगळं आयुष्य कारखान्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर, म्हणजे ईटीपीवर गेलं, त्या अधिकारानं सांगतो. जिवाणू जिवंत आहे म्हणून कारखाना स्वच्छ होत नाही. कोणती घाण बंद करायची ते आधी ठरव आणि जिवाणूला तेच काम शिकव.

तुझ्या लॅक्टिक आम्लाचंच बघ. फर्मेंटरमध्ये आम्ल साचलं की पीएच घसरतो आणि जिवाणूचं काम मंदावतं. म्हणून चुना घालत राहावं लागतं. त्यातून कॅल्शियम लॅक्टेट होतं. आम्ल पुन्हा मोकळं करायला गंधकाम्ल घालायचं, की खाली जिप्सम बसतं. कागदावर मांडून बघ: १८० ग्रॅम लॅक्टिक आम्लामागे १७२ ग्रॅम जिप्सम. टनाला जवळजवळ टन! तेही ओलं, जिवाणूंचा नि माध्यमाचा गाळ चिकटलेलं. ते कुठे टाकायचं, कोण उचलणार, याचं उत्तर तुझ्या आराखड्यात नाही. याच अडचणीवर उतारा म्हणून कमी पीएचमध्येही तग धरणारी, जनुकं बदललेली यीस्टं पुढे आली. तिथे चुना आणि गंधकाम्ल दोन्ही कमी लागतात. जनुकांवर घेतलेली मेहनत थेट गाळाच्या ढिगाऱ्यावर लागू पडली. असं काम मला हवंय.

दुसरं उदाहरण आपल्या कपाशीच्या मुलखाला जवळचं आहे, निळीचं. १९८३ मध्ये अमेरिकेत ई. कोलायकडून नीळ करून घेतली गेली. शोध मोठाच होता. पण नीळ पाण्यात विरघळत नाही. सूत रंगवायचं तर ती सोडियम हायड्रोसल्फाइटनं विरघळवावी लागते आणि त्याचे क्षार सांडपाण्यात उतरतात. नीळ जिवाणूनं केलेली असो की ॲनिलिनपासून, रंगाच्या हौदातली ही पायरी चुकत नाही. २०१८ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी नेमकी हीच पायरी हेरली. जपानी निळीच्या झाडातलं जनुक घालून त्यांनी जिवाणूकडून पाण्यात विरघळणारं इंडिकन बनवून घेतलं. ते सुतावर चढवून विकरानं त्यातली साखर तोडली, तेव्हा नीळ धाग्यावरच तयार झाली. हायड्रोसल्फाइट लागलंच नाही. खर्चाचं गणित अजून अवघड आहे, पण सुरुवात कुठून करायची ते या कामातून शिक.

आता कच्च्या मालाकडे ये. केळीच्या खांबात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. चोपड्याहून जळगावच्या एमआयडीसीत खांब आणलेस तर डिझेल जाळून पाणी वाहिलंस असं होईल. खांब शेतातच पिळता येईल का, ते पाणी त्याच बागेला देता येईल का, हे बघ. उरलेल्या धाग्यातली साखर सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. ती मोकळी करायला अल्कली लागते, मग धुण्याचं पाणी, मग पुन्हा काळं सांडपाणी. तेही तुझ्याच खात्यावर मांडलं पाहिजे. कपाशीच्या पऱ्हाट्या कोरड्या असतात, म्हणून तुला त्यांचा मोह होईल. पण त्यांच्यावर कितीतरी घरच्या चुली पेटतात. 'टाकाऊ' हा शब्द लिहिण्याआधी गावात जाऊन विचारून ये.

आणि आपलं ऊन विसरू नकोस. जिवाणूनं ३२ ग्रॅम ऑक्सिजन वापरला की साधारण ४६० किलोज्यूल उष्णता निघते. कूलिंग टॉवरवर तेवढी घालवायची तर २०० मिलिलिटरच्या आसपास पाण्याची वाफ होते. ई. कोलायला ३७ अंश हवेत, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. म्हणजे गावाला टँकर लागतो त्याच दिवसांत तुझा कारखाना सर्वांत जास्त पाणी उडवणार. बॅसिलस कोॲग्युलन्स ५० अंशांच्या वर लॅक्टिक आम्ल करतो. त्याला बाहेरची हवासुद्धा गारच, त्यामुळे बरीचशी उष्णता पाणी न उडवता पंख्यानंही काढता येईल. त्याची जनुकं बदलायची साधनं ई. कोलायएवढी तयार नाहीत, हे मला माहीत आहे. पण तुझी मेहनत तिथेच कामी येईल.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे, तिथे विचार. आणि आपल्या मातीतही शोध. आयआयटी मुंबईच्या संशोधकांना पवईच्या तलावात एक सायनोबॅक्टेरिया सापडला, सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१. साध्या हवेवर तो २.३ तासांत दुप्पट होतो आणि बाहेरचा डीएनए सहज आत घेतो. २०१८ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. केळीच्या कुजणाऱ्या, आतून तापलेल्या ढिगात काय राहतं, ते तुझ्या विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर तपासता येईल.

आणखी एक. जिवाणूवर लादलेलं काम त्याला ओझंच असतं. ते टाकून देणारा एखादा निपजला की तो भराभर वाढतो आणि टाकी बळकावतो. एक मिलिलिटरपासून एक लाख लिटरपर्यंत जायला सुमारे २७ पिढ्या लागतात. म्हणून फ्लास्कमधल्या पहिल्या दिवसाच्या आकड्यावर खूश होऊ नकोस. पन्नासाव्या पिढीतही तुझा जिवाणू तेवढंच आम्ल देतो का, ते मोज. आधी वाढू दे आणि मग काम सुरू कर, असं सांगणारा जनुकांचा खटका २००० सालापासून माहीत आहे. तो वापर. टाकीतून निघालेला प्रत्येक थेंब मारूनच नाल्याकडे जाऊ दे. जनुकं बदललेल्या जिवांसाठीचे १९८९ चे नियम आणि संस्थेची जैवसुरक्षा समिती यांना अडथळा समजू नकोस. गिरणा-पांझरेच्या काठची माणसं तुझ्या शब्दावर विसंबणार आहेत.

तेव्हा पहिल्या पानावर एक तक्ता कर. एक किलो मालामागे आत काय आलं, बाहेर काय गेलं: साखर, पाणी, चुना, आम्ल, वीज, गाळ. शेजारच्या रकान्यात आजच्या कारखान्याचे आकडे मांड. तुझा रकाना जिथे हरतो, तिथे तुझं संशोधन सुरू होतं. आखाजीला आक्का माहेरी येईल तेव्हा तूही तक्ता घेऊन ये. इथल्या एका ईटीपीवरच्या ऑपरेटरशी मी बोलून ठेवलंय. त्याच्यासमोर प्रत्येक आकडा वाचू. त्याला जो पटणार नाही तो खोडू, आणि मगच जनुकं मागव.

आक्काला नमस्कार सांग. तब्येत सांभाळ.

तुझा,
मामा