मृदंगाची जागा

दिवाळीच्या सुट्टीत पाथर्डीच्या घरी भाचरं जमली की ओसरीवर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा येतो. खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत निघालेला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात.

परवा शत्रूनं धाकट्या भाचीची तलवार उडवली. तिनं दगड उचलला आणि त्वेषानं लढली. काल मांत्रिकानं तिच्या पात्राचं मनच ताब्यात घेतलं. तिच्या हातून तिच्याच सोबत्यांवर वार होत राहिले, आणि काय करायचं हे तिला कुणी विचारेना. थोड्या वेळानं ती उठून आत गेली.

नियमात दोन्ही बसतं. पण मला हे दोन अन्याय एका मापाचे वाटत नाहीत.

हा फरक मला नाथांच्या गोष्टीत दिसतो. मढीचा कानिफनाथांचा गड आमच्याच तालुक्यात, गर्भगिरीच्या रांगेत. कानिफनाथांनीच गोरखनाथांना सांगितलं, तुमचे गुरू स्त्रीराज्यात रमलेत. योगच विसरलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरखांनी मृदंगाच्या बोलातून साद घालून जागं केलं. परतताना गुरूंच्या झोळीत सोन्याची वीट होती. गोरखांनी ती गुपचूप फेकून दिली. गुरू हळहळले, बोलले. वीट गेली तरी हळहळणारा मच्छिंद्र शाबूत होता. स्त्रीराज्यात मात्र काय हरवलंय हे कळायलाच कुणी उरलं नव्हतं.

खेळात तर याहून कठीण. पात्र विसरतं, खेळणाऱ्या मुलीला सगळं कळत असतं. ती जागी असते आणि तिचं काही चालत नाही.

म्हणून संमोहन वापरूच नये, असं मी म्हणणार नाही. विराटपर्वात अर्जुनानं कौरवसेनेवर संमोहनास्त्र टाकलं, तेव्हा बेशुद्ध वीरांची वस्त्रं तेवढी काढून आणवली, मारलं कुणालाच नाही. भीष्मांना त्या अस्त्राचा उतारा ठाऊक होता, म्हणून त्यांचे घोडे डावीकडे ठेवून जा, असं त्यानं आपल्या सारथ्याला, उत्तराला बजावलं. अस्त्राला उतारा आणि वापरणाऱ्याला मर्यादा, दोन्ही तिथे आहेत. या खेळाच्या २०१४ च्या नियमांतही मन पूर्ण ताब्यात घेणाऱ्या मंत्राला तोड आहे: पात्राला इजा झाली की दर वेळी सुटकेसाठी पुन्हा फासा टाकता येतो. घाईत आमच्या मुलांनी नेमका हाच नियम वगळला होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना वीट आणि मृदंग, दोन्ही गोष्टी सांगितल्या. भाची म्हणाली, "मामा, मग मला कुणी हाक का नाही मारली?"

आज ओसरीवर नवा नियम लागला. सोबत्यानं त्या पात्राची एखादी जुनी आठवण सांगून हाक मारली, की सुटकेचा फासा पुन्हा पडणार. आणि तो टाकणार जिचं पात्र आहे तीच.