जाम झालेलं इंजिन

किन्हवलीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जुनी राजदूत पडून होती. एस्कॉर्ट्स कंपनीची, पावणेदोनशे सीसीची, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक गाडी. ती घेतली होती आजोबांनी. ते गेले, वाटण्या झाल्या. गाडी थोरल्या मुलाकडे शहापूर तालुक्यात राहिली आणि तिचं आरसी बुक धाकट्याच्या पेटीतून मुरबाड तालुक्यात, म्हशाजवळ गेलं. पुढे बांधावरून दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणं तुटलं.

थोरल्याच्या मुलाला गाड्यांचं वेड. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जुळवलेली, किक मारून चालू होणारी चारचाकी त्याने २०२१ मध्ये मोबाइलवर पाहिली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विचार होता. इंजिन नसलेल्या दुसऱ्या एका राजदूतची चेसिस त्याने कागदपत्रांसह विकत घेतली. खाली वाकलेलं हँडल, एकट्याची सीट आणि आत आजोबांचं इंजिन, असा त्याचा बेत होता.

पण इंजिन जाम होतं. गोठ्यातल्या ओलीने पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरून बसल्या होत्या. पोराने किकवर उभं राहून उड्या मारल्या, तर किकचे दाते गेले. मग प्लगच्या भोकातून सळई घालून त्याने वरून हातोडा हाणला. पिस्टन तसूभर हलला नाही.

त्याच आठवड्यात तो काकांकडे गेला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "काका, आजोबांच्या गाडीचं बुक द्या. बाबा म्हणतात, गाडी आमच्या वाट्याची, तर कागदही आमचाच."

"मग बाबाला यायला काय झालं?" काका म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

शेवटी पोराने अख्खी गाडी टेम्पोत घालून शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने प्लगच्या भोकात टॉर्च मारली.

"सळई कोणी घातली?"

पोरगा गप्प.

मिस्त्रीने डिझेलमध्ये पातळ ऑइल मिसळून भोकातून आत ओतलं आणि प्लग लावून टाकला.

"आता काय करायचं?"

"आता घरी न्यायची. हे आत झिरपू दे. रोज थोडं थोडं ओत. आठ-दहा दिवस गेले की टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हलक्या हाताने पुढे-मागे कर. नुसतं पुढे रेटायचं नाही. मागेही येऊ द्यायचं, म्हणजे पुढे जातं."

मग मिस्त्रीने कागदांचं विचारलं. पोराने काकांचं सांगितलं.

"बुक लागणारच," मिस्त्री म्हणाला. "इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी पाहिजे, आणि इंजिन कुठून आलं ते दाखवावं लागतं. त्या लोहारांच्या गाडीच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी बोलेरो देऊ केली, पण गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही लिहिलं होतं. पण काका देत नाहीत म्हणतोस, तिथेही सळईच घातलीस ना?"

भाताच्या झोडणीचे दिवस होते. काका-काकू दोघंच खळ्यावर राबत होते. पोरगा गेला आणि न बोलता भारे उचलून द्यायला लागला. बुकाचं नाव काढलं नाही. काकूने भाकरी वाढली, ती खाऊन परत आला. पुढच्या सुट्टीला पुन्हा गेला, मग पेंढा रचायलाही गेला.

एक दिवस काकांनीच विचारलं, "इंजिन सुटलं का रे?"

"नाही अजून. डिझेल झिरपतंय."

काका हसले. "टाकीवर बसवून न्यायचे मला तुझे आजोबा. म्हशाच्या यात्रेला, बैलबाजारात."

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरली. गर्दीत काकांनी पोराला गाठलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बुक त्याच्या हातात ठेवलं. "तुझ्या बापाला सांग, बांधाचं बोलायला मी येणार आहे."

तोवर चाकही बोटभर हलायला लागलं होतं. मग वीतभर, आणि एका सकाळी पूर्ण फिरलं. मिस्त्रीने इंजिन उघडलं. गंजाने खाल्लेलं सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवला. क्रँकचे वाळलेले ऑइल सील बदलले, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमधून जातं. तिथे बाहेरची हवा शिरली तर इंजिन तापून पुन्हा धरतं. किकचे दाते मात्र नवेच घालावे लागले. ते गंजाने गेले नव्हते, जोराने गेले होते. उंबऱ्यातलं ते बोलणंही काकांनी पुढे एक-दोनदा काढून दाखवलंच.

रीतसर परवानगी घेऊन गाडी रस्त्यावर आली. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. फरक एवढाच की आता दोघे भाऊ एकाच ओसरीवर बसून भांडतात आणि मधे चहा होतो.

तात्पर्य : जे धरून बसलं आहे, ते जोर लावल्याने मोडतं, सुटत नाही. आत झिरपेल असं काही द्यावं, त्याला वेळ द्यावा, आणि पुढे ढकलताना आपणही थोडं मागे यावं.