एचआरची कोणती विद्या परदेशी चालते?

प्रोग्रामर पुण्याहून म्युनिकला गेला तरी त्याचा कोड तोच राहतो. एचआरमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाचं तसं नाही. पीएफ-ग्रॅच्युइटीचे नियम, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातली कामाची रीत, रजेच्या अर्जामागची घरची अडचण ओळखण्याची नजर हे त्याचं भांडवल, आणि त्यातलं बरंचसं याच देशात वटतं. ‘इतका अनुभव आहे, तिथेही जमेल’ हे गृहीत धरण्याआधी म्हणूनच थोडं थांबायला हवं.

जर्मनीचं उदाहरण घेऊ. जून २०२४ पासून तिथे ‘चान्सेनकार्टे’ मिळतं. पात्रता आणि गुणांच्या अटी पूर्ण करणाऱ्याला त्यावर वर्षभर राहून नोकरी शोधता येते. जर्मन येत नसेल तर चांगल्या इंग्रजीवरही ते मिळू शकतं. पण देशात प्रवेश मिळणं वेगळं आणि एचआरची खुर्ची मिळणं वेगळं. नोकरीचा करार, नोटीस, कामगार न्यायालय हा बहुतेक व्यवहार जर्मन भाषेत होतो.

त्याहून मोठा फरक अधिकाराचा. पाच कायम कर्मचारी असले तरी तिथे कर्मचाऱ्यांना ‘बेट्रीब्सराट’ म्हणजे आपलं मंडळ निवडता येतं. असं मंडळ असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून न घेता कुणालाही कामावरून काढणं १९७२ च्या कायद्यानुसार अवैध ठरतं. वीसहून अधिक मतदार कर्मचारी असलेल्या कंपनीत नव्या नेमणुकीलाही मंडळाची संमती लागते. काढल्याचा ई-मेल चालत नाही, सहीचं कागदी पत्रच लागतं. त्याविरुद्ध तीन आठवड्यांत न्यायालयात जाता येतं.

आता आपल्या आयटी कंपन्यांमधली एक ‘हातोटी’ आठवा. माणसाला खोलीत बोलवायचं, राजीनामा लिहून घ्यायचा, नाहीतर रिलीव्हिंग लेटरचं अवघड होईल असं सुचवायचं. ज्याला हे गाजावाजा न होता जमतं, तो कार्यक्षम ठरतो. जर्मनीतही परस्परसंमतीने नोकरी संपवता येते. पण अशी सही करणाऱ्याचा बेकारभत्ता १२ आठवडे रोखला जाऊ शकतो, त्यामुळे भरपाई ठरल्याशिवाय कुणी सहजासहजी सही करत नाही. आपली ही हातोटी तिथे निरुपयोगीच नव्हे, धोक्याची आहे.

यावर कुणी म्हणेल, पेरोल आणि एचआरची सॉफ्टवेअरं तर जगभर सारखीच. खरं आहे. पण ते काम स्वस्तात होतं म्हणूनच तिकडून पुण्या-बंगळुरूत आलं. त्याच कामासाठी युरोपचा पगार देऊन इथला माणूस तिकडे कोण नेईल?

मग चालतं काय? माझ्या मते, आपल्या व्यवसायात जुनाट समजली जाणारी आयआर, म्हणजे औद्योगिक संबंधांची विद्या. पिंपरी, चाकण, वाळूजच्या कारखान्यांत युनियनसमोर बसून पगारवाढीचे करार करणाऱ्या अधिकाऱ्याला समोरच्याचा हक्क मान्य करूनच बोलायची सवय असते. कामगार संघटनांना मान्यता देणाऱ्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने ती शिस्त इथे रुजवली. जर्मनीतलं मंडळ म्हणजे युनियन नव्हे. ते संप पुकारू शकत नाही, आणि पगाराचे सामूहिक करार ‘आयजी मेटाल’सारख्या संघटना करतात. तरी वाटाघाटीचा पिंड तोच. दुर्दैवाने एमबीएच्या वर्गात आणि बढतीच्या यादीत भाव आहे तो ‘टॅलेंट’ आणि ‘ब्रँडिंग’ला.

जाणाऱ्याने जरूर जावं. पण निघण्याआधी भाषेला आणि तिथल्या कामगार कायद्याला वर्ष-दोन वर्षं द्यावीत, आणि एक-दोन पायऱ्या खालचं पद मिळालं तर तो अपमान समजू नये. ‘स्थानिक अनुभव नाही’ म्हणून आपणही कितीतरी अर्ज बाजूला सारलेले असतात. आणि ज्याचा सगळा अनुभव मालकाच्या बाजूने हुकूम बजावण्याचाच आहे, त्याने इथेच राहिलेलं बरं.