मधमाशीचा हक्क आणि आपली नियत

पवित्र कुरआनच्या सोळाव्या अध्यायाचे नाव ‘अन्-नहल’, म्हणजे मधमाशी. त्यातील ६८ व ६९ या आयतींनुसार डोंगरांत, झाडांवर व माणसांनी उभारलेल्या मांडवांवर घरे करण्याची आणि फळाफुलांतून आहार घेण्याची प्रेरणा मधमाशीला खुद्द अल्लाहने दिली आहे. ज्या जीवाचा निवारा व आहार निर्मात्याने नेमला, तो आपल्या मालकीच्या जमिनीवर असेल, तर आपल्यावर काही जबाबदारी येते काय?

भिवंडी तालुक्यातील वळ गाव डोळ्यांसमोर आणा. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर हा पट्टा पूर्वी भातशेतीचा होता. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर, पण शहराला लागून असल्यामुळे येथे गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये जकात संपली. गोदामे मात्र राहिली. भाताला मधमाशीची गरज नसते. परंतु कोकणपट्टीत खाचरांच्या बांधांवर पावसाळ्यात तेरडा, कुर्डू, टाकळा, तुंबा फुलतात आणि त्यांवर सातेरी माश्या, भुंगे व फुलपाखरे जगतात. हेच जीव परसातील कारली, दुधी व काकडीच्या नरफुलांतील पराग मादीफुलांपर्यंत पोहोचवितात. खाचर बुजविले की बांधही बुजतो आणि वेलीला फूल येऊनही फळ धरत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘मधमाश्यांना मारण्याचा आमचा हेतू नव्हता आणि कर्मे तर नियतीवर अवलंबून असतात.’ हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार मुस्लिमाने लावलेल्या रोपातून वा पेरलेल्या पिकातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पेरणाऱ्याने त्या पक्ष्याचा विचारही केलेला नसतो, तरी पुण्य त्याच्या खात्यावर जमा होते. कारण मूळ कृती चांगली होती आणि तिचे फळ दूरवर पोहोचले. मग हेतूबाहेरचे पुण्य आनंदाने स्वीकारायचे आणि हेतूबाहेरच्या हानीबाबत हात झटकायचे, हा न्याय कसा होईल? अजाणतेपणी घडलेल्या चुकीला अल्लाहजवळ क्षमा आहे. परंतु परिणाम कळल्यानंतरही केवळ स्वच्छ दिसावे म्हणून बांधावर तणनाशक फवारणे, ही नकळत घडलेली चूक राहत नाही. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसमध्ये ज्या चार जीवांना मारण्याची मनाई आहे, त्यांत मधमाशी आहे, हेही ध्यानात असावे.

गोदामांनी हजारो हातांना काम दिले. ती रोजी हलाल आहे आणि ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. प्रश्न उरतो तो कुंपणालगतच्या चार हात जागेचा. बहुतेक रानमाश्या पोळे बांधत नाहीत. त्या मोकळ्या मातीत बिळे करून राहतात. प्रत्येक कोपऱ्यात सिमेंटचे ठोकळे बसविले की त्यांचे घरच मिटते. म्हणून थोडी माती उघडी ठेवावी. पहिल्या पावसाच्या सुमारास तेथे तेरडा व कुर्डूचे बी टाकावे आणि बी धरून गळेपर्यंत ती झाडे उपटू नयेत. मात्र घाणेरी व गाजरगवत वाढू देऊ नये. ही परदेशातून आलेली झाडे स्थानिक रोपांची जागा बळकावतात.

आणखी एक जागा आहे, जिच्यावर कधी गोदाम उभे राहणार नाही: आपले कब्रस्तान. प्रेषितांनी (स.) दोन कबरींवर हिरवी डहाळी रोवली होती आणि ती सुकेपर्यंत मृतांची यातना हलकी होण्याची आशा व्यक्त केली होती. हनफी फकीह इब्न आबिदीन यांनीही कब्रस्तानातील ओले गवत व रोपे कापणे मकरूह मानले आहे. तरीही साफसफाईच्या नावाखाली ऐन फुलोऱ्यात तेथे कोयते चालतात. वाट व कबरीचा माथा मोकळा करावा. उरलेले रान फुलू द्यावे.

मधमाशी आपले आभार मानणार नाही, लोकही वाहवा करणार नाहीत. म्हणूनच या कामात दिखाव्याला वाव नाही आणि नियत निर्मळ राहणे सोपे आहे. ज्येष्ठातल्या पावसापूर्वी मूठभर बी गोळा करून ठेवा. त्यातून कोण खाईल, ते अल्लाह जाणतो.